दुसऱ्या दिवसाचे पाणी

(तेल्हारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

तेल्हाऱ्यात बोलायला उभे राहायचे आणि पाण्याविषयी बोलायचे नाही, हे शक्य नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे खोरे आणि त्या खोऱ्यात दोन्ही काठांनी पसरलेला खारपाणपट्टा, ही आपली भूमी. माती काळी, कपाशीला मानवणारी. पण विहीर खणली तर पाणी खारे. ज्या गावात एखादीच गोडी विहीर असते, त्या गावात ती कोणाच्या मालकीची, तिच्यावर कोणी जायचे आणि कोणी जायचे नाही, या प्रश्नाच्या उत्तरात त्या गावाची सारी समाजरचना सामावलेली असते. म्हणून नागरी हक्कांसारखा मोठा विषय मी आज दिल्लीपासून न मांडता विहिरीपासून मांडणार आहे.

या खाऱ्या पाण्याने एकदा आपल्याला देशाच्या इतिहासात जागा मिळवून दिली आहे. १९३० साली गांधीजी दांडीला गेले. वऱ्हाडाला समुद्र नाही. मग मिठाचा कायदा मोडायचा कसा? तेव्हा आपल्याच अकोला जिल्ह्यातील दहीहंडा या गावी खाऱ्या विहिरींचे पाणी काढून, ते आटवून मीठ तयार करण्यात आले. ब्रिजलाल बियाणींसारख्या नेत्यांची नावे या सत्याग्रहाशी जोडलेली आहेत आणि ती जोडलेली असणे योग्यच आहे. पण विहिरीचे पाणी आटवायचे तर कोणीतरी ते शेंदावे लागते, कोणीतरी चुलाण पेटवावे लागते, सरपण आणावे लागते, जमलेल्या माणसांना भाकर घालावी लागते. त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. ज्या पाण्याने पिढ्यान् पिढ्या आपले हाल केले, त्याच पाण्याचा उपयोग साम्राज्याचा कायदा मोडण्यासाठी होऊ शकतो हे त्या माणसांनी ओळखले, यात मला फार मोठे शहाणपण दिसते.

आज मला एवढेच सांगायचे आहे की हक्क दोनदा जन्माला येतो. एकदा तो कागदावर येतो. ते काम विधिमंडळे करतात, न्यायालये करतात, नेते करतात. दुसऱ्यांदा तो व्यवहारात येतो, आणि ते काम ज्याला तो हक्क हवा असतो त्याने स्वतः करावे लागते. तेही एकदा करून भागत नाही, रोज करावे लागते. या दुसऱ्या जन्माचा इतिहास आपण फारच कमी लिहिला आहे. त्यामुळे हक्क वरून खाली येतात असा एक भ्रम कार्यकर्त्यांच्याही मनात घर करून बसला आहे.

महाडचे उदाहरण घ्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे, पण त्यातील तारखा आपण एकमेकींशेजारी ठेवून पाहत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे ठरावाने जाहीर केले. म्हणजे कागदावर हक्क होता. पण पुढील तीन वर्षांत त्या तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाणे म्हणजे काय हे प्रत्येकाला ठाऊक होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसे रांगेने तळ्यापाशी गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर काय झाले? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवण्यात आली. जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या घेऊन जमाव चालून गेला, अन्न मातीत मिळवले गेले, आणि परतीच्या वाटेवर गावोगाव माणसांना अडवून मारहाण झाली. या प्रतिनिधींत पलटणीत नोकरी केलेले कितीतरी पेन्शनर होते. लढणे त्यांना शिकवावे लागणार नव्हते. तरीही बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी हात आवरले.

त्यापुढची हकीगत अधिक बोलकी आहे. तळे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तर तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा लावून मनाईहुकूम मिळवण्यात आला. परिषदेला जागा द्यायलाही महाडात कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. आणि तो दावा? तो उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकालात निघाला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! या दहा वर्षांत ज्यांनी गावात राहून बहिष्कार सोसला, ज्यांची बलुती आणि मजुरी बंद झाली, पण ज्यांनी ‘आमचे चुकले’ असे लिहून दिले नाही, त्यांच्यामुळे तो निकाल कागद राहिला नाही. एका दिवसाच्या शौर्याला इतिहासात जागा मिळते. दहा वर्षांच्या सोसण्याला मिळत नाही.

हे सारे दूर कोकणात घडले असे मानू नका. त्याच वर्षी, १९२७ च्या नोव्हेंबरात, अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीचे मंदिर खुले व्हावे हा प्रश्न ऐरणीवर होता. विश्वस्तांना मुदत द्यावी म्हणून सत्याग्रह तूर्त तहकूब झाला. पण त्या चळवळीने वऱ्हाडातील वातावरण ढवळून निघाले. डॉ. पंजाबराव देशमुख या प्रश्नात पुढे होते, आणि पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावर असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे पाऊल उचलले. पण अध्यक्षांचा हुकूम गावच्या विहिरीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जात नाही. त्याला न्यायला डोक्यावर घागर घेतलेली बाई लागते.

तीच गोष्ट पंढरपूरची. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार उघडले, एवढे आपण सांगतो. त्याआधी कित्येक महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावची लहान लहान मंदिरे लोकांनी आपल्या हाताने खुली केली, हे आपण सांगत नाही. पंढरपूरचे मोठे दार उघडले, ते अशा शेकडो छोट्या दारांच्या रेट्याने.

साता समुद्रापलीकडेही हेच घडले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत माँटगोमेरी नावाचे शहर आहे. तेथे बसमध्ये काळ्या माणसाने गोऱ्यासाठी जागा सोडावी असा दंडक होता. १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने उठायला नकार दिला आणि तिला अटक झाली. पुढे ३८१ दिवस त्या शहरातील काळे लोक बसमध्ये चढले नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव त्या लढ्याने जगाला कळले. पण ३८१ दिवस रोज पहाटे उठून चालत कामाला कोण गेले? गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईने शेजारणी जमवून जेवणाचे डबे आणि गोड पदार्थ करून विकायला सुरुवात केली आणि तो पैसा चळवळीला दिला. पैसा कोणी दिला हे कळले तर बायांची कामे जातील, म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचे नाव असे ठेवले की कोणी विचारले, हा पैसा कोठून आला, तर खुशाल सांगावे, ‘कोठूनच नाही’. इतिहासात सामान्य माणसाचे नाव का सापडत नाही, याचे एक कारण तेथे कळते. पुष्कळदा ते त्याने जगण्यासाठी स्वतःच लपवलेले असते.

आता थोडे आत्मपरीक्षण. १९७० नंतरच्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम सुरू केली. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती, १९५५ चा कायदा होता. आणि तरीही गावात किती पाणवठे आहेत, कोण कोठे भरतो, असा साधा प्रश्न घेऊन कार्यकर्ते खेड्यांत गेले तेव्हा महाराष्ट्राचे पुरोगामीपण उघडे पडले. आम्ही काही तरुण त्या भारावलेल्या दिवसांत पूर्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही, कारण तसे एकच गाव नव्हते. गावात गोडी विहीर एक. वस्तीची विहीर वेगळी आणि खारी. बैठका झाल्या, प्रतिष्ठितांनी मान डोलावली, एका सकाळी समारंभ झाला. साऱ्यांनी एकाच विहिरीचे पाणी काढले, हार झाले, छायाचित्र झाले आणि संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही विजयी मुद्रेने परतलो. पंधरा-वीस दिवसांनी मी सहज पुन्हा गेलो. वस्तीवरील बहुतेक माणसे जुन्या खाऱ्या विहिरीवर परत गेली होती. कोणी उघड विरोध केला नव्हता. फक्त कापूस वेचायला बोलावणे थांबले होते, दुकानातील उधारी थांबली होती. एक म्हातारी मजूरबाई मात्र रोज सकाळी गोड्या विहिरीवर येत होती. ती आली की बाकीच्या बाया बाजूला सरत आणि ती गेली की भरत. मी तिला म्हणालो, ‘आजी, तुम्ही फार धीराच्या.’ ती म्हणाली, ‘तुमी त एक रोज आले बाबू, मले त रोजच पानी लागते.’

मित्रहो, त्या वाक्याने मला जे शिकवले ते शिबिरांनी शिकवले नाही. आम्ही पहिल्या दिवसाचे कार्यकर्ते होतो. हक्काची खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते, आणि त्या दिवशी ती बाई एकटी होती. तिचा धीर मोठा होता यात शंका नाही. पण तो तिला एकटीने दाखवावा लागला, हा आमचा पराभव होता.

येथे एक आक्षेप येईल. तुम्ही सामान्य माणसाचे गुणगान करता, पण महाडला लाठ्या घेऊन आलेली माणसे कोण होती? तीही सामान्यच होती. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला, आणि पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातील खेड्याखेड्यांत दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. आगी लावणारे कोणी परके नव्हते, त्याच गावात राहणारे होते. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. तेव्हा ‘सामान्य माणूस’ हा काही आपोआप पवित्र होणारा शब्द नव्हे. दुसऱ्याचा हक्क मान्य करण्याची किंमत मोजायला जो तयार होतो, तो सामान्य माणूस नागरिक होतो. जो होत नाही तो केवळ गर्दीचा भाग राहतो. ही निवड प्रत्येकापुढे येते, आणि ती बहुधा सभेत येत नाही. ती विहिरीवर, किराणा दुकानात, मजूर सांगायला जाताना येते. त्या गावात एका शेतकऱ्याने जरी त्या म्हातारीच्या सुनेला वेचणीला बोलावले असते, तरी चित्र पालटले असते.

दुसरा आक्षेप असा की नेतृत्वाशिवाय हे होत नाही. अगदी बरोबर. बाबासाहेबांशिवाय महाड नाही, गुरुजींशिवाय पंढरपूर नाही. मृणालताई गोरे यांना मुंबईत ‘पाणीवाली बाई’ म्हणत. ते नाव रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायांच्या लढ्यातून आले. नेता वाट दाखवतो आणि धोका प्रथम अंगावर घेतो. पण नेत्याने मिळवलेली गोष्ट अनुयायांनी वापरली नाही, तर ती त्याच्या पुतळ्याबरोबर चौकात उभी राहते.

हक्क वापरणे म्हणजे नेहमी मोर्चाच काढणे असे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसांनी, आणि त्यात बायांचा वाटा फार मोठा होता, खडी फोडली, बांध घातले, मजुरी थकली तेव्हा कचेऱ्यांवर धडका दिल्या. वि. स. पागे यांच्यासारख्यांनी योजनेची मांडणी केली. त्यातून राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर दिवसाला निदान १ रुपया बेकारी भत्ता, अशी त्यातील तरतूद होती. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे होता. आता यातील मर्म पाहा. १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्ज दिल्याच्या तारखेपासून. आणि अर्ज दिला याला पुरावा काय? पोच. म्हणून कचेरीत अर्ज घेतात, पण पोच देत नाहीत. एका निरक्षर बाईने टेबलासमोर उभे राहून ‘पोच दिल्याबिगर हलत नाही’ म्हणणे, हा कायद्यातील अक्षरांना जीव देण्याचा प्रकार आहे. ती चार आण्यांच्या कागदासाठी भांडत नसते.

आणि आणीबाणी? २८ एप्रिल १९७६ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निकाल दिला की स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. आपल्यातील अनेक जण तेव्हा तुरुंगात होते. विद्वानांचे धैर्य खचले, वर्तमानपत्रे वाकली. अकरा महिन्यांनी, मार्च १९७७ मध्ये, ज्यांना घटनेची कलमे वाचता येत नव्हती त्यांनी रांगेत उभे राहून सत्ता बदलली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे झाले. सर्वोच्च न्यायालयात जे हरले होते, ते मतपेटीने परत मिळवून दिले.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला तीन साधने सांगितली: फावडे, मतपेटी आणि तुरुंग. तिन्ही साधने अशी निवडली आहेत की त्यांतील एकालाही पैसा, जात किंवा पदवी लागत नाही. पण आज मी स्वतःला आणि तुम्हाला विचारतो, यातील फावडे आपल्या हातात किती उरले आहे? निवडणूक आली की आपण जागे होतो, अन्याय झाला की निवेदन देतो, निवेदनाचे छायाचित्र छापून आणतो. दुसऱ्या दिवशी आपण कोठे असतो?

म्हणून तेल्हाऱ्याच्या शाखेपुढे मी मोठे कार्यक्रम ठेवत नाही. तीनच कामे सुचवतो. पहिले, आपल्या तालुक्यातील प्रत्येक गावात आज पाणी कोण कोठे भरतो, टाकीचे नळ कोणत्या वस्तीपर्यंत पोचतात आणि कोणत्या वस्तीच्या तोंडाशी थांबतात, याची नोंद करा. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदी धरणाने अडवली आहे. तिच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद तुम्हाला नवा नाही. पण धरणाच्या पाण्याचा वाद घालताना गावातील शेवटच्या नळाचा वाद विसरू नका. खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाचे विकार जडलेली माणसे या पट्ट्यात आहेत, आणि गोडे पाणी शेवटी कोणाला मिळते हा प्रश्न त्यांच्यासाठी जगण्यामरण्याचा आहे. पाण्याबरोबरच स्मशानभूमी कोणाला खुली आहे आणि पांदणरस्ता कोणाच्या शेतापाशी अडवला आहे, हेही लिहून काढा.

दुसरे, जो माणूस अर्ज करील त्याच्याबरोबर पोच घेईपर्यंत उभे राहा, आणि त्याचा शब्द त्यालाच बोलू द्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून देशभर आहे. महाराष्ट्राने त्याआधीच आपला कायदा केला होता. त्याचा वापर ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारी माणसे तयार करण्यासाठी झाला पाहिजे. आपण त्यांचे वकील होऊन बसलो, तर त्यांना आणखी एक मालक मिळेल.

तिसरे आणि सर्वांत कठीण, दुसऱ्या दिवशी जा. ज्याने तक्रार नोंदवली त्याची मजुरी बंद झाली का, त्याला उधारी मिळते का, त्याच्या मुलाशी शाळेत कोणी बोलेनासे झाले का, हे पाहायला जा. त्याला काम द्या, द्यायला लावा. १९५५ च्या कायद्याला १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे नाव मिळाले, १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधाचा कडक कायदा आला. पण बहिष्कार पुष्कळदा असा पाळला जातो की पंचनाम्यात काहीच लिहिता येत नाही. तेथे पोलीस पोचेपर्यंत शेजाऱ्यालाच उभे राहावे लागते.

त्या म्हातारीचे पुढे काय झाले असे तुम्ही विचाराल. काही वर्षांनी त्या गावी गेलो तेव्हा ती हयात नव्हती. तिची सून गोड्या विहिरीवर पाणी भरत होती आणि तिच्या शेजारी गावातील आणखी दोघी उभ्या होत्या. कोणी बाजूला सरत नव्हते. त्यात आमचा वाटा किती, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. हार घालण्यापुरता होता. बाकी सारे काम तिने रोज सकाळी एक घागर भरून केले होते.

आपल्या संघटनेने अशा माणसांच्या मागे दुसऱ्या दिवशीही उभे राहावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.